लॅबच्या डिशमधल्या पेशी मेल्या, बरं मग?

"अमुक फळाच्या अर्काने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी मेल्या" असं कुणी पाठवलं की मी आधी बघते, पेशी कुठल्या होत्या. बहुतेक वेळा एमसीएफ-७ नावाच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी निघतात, १९७३ मध्ये डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनने जगापुढे आणलेल्या, आणि अजूनही लॅबोलॅबी वाढवल्या जातात. ह्या इस्ट्रोजेन हार्मोनवर पोसणाऱ्या पेशी, म्हणजे यांच्यावर काही चाललं तरी ट्रिपल निगेटिव्हवर (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या ब्रेस्ट कॅन्सरवर) चालेलच असं नाही, त्यासाठी एमडीए-एमबी-२३१ सारखी वेगळी सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) घ्यावी लागते.

टेस्ट तशी सोपी आहे. फळ वाळवायचं, इथेनॉल किंवा मेथेनॉलमध्ये अर्क काढायचा, सॉल्व्हंट उडवायचा, उरलेलं वेगवेगळ्या डोसने पेशींवर घालायचं आणि एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचा पिवळा डाय टाकायचा, जिवंत पेशी त्याला जांभळा करतात. आता गंमत अशी की फळातले काही पॉलिफेनॉल (वनस्पतींमधली नैसर्गिक रसायनं) पेशी नसतानाही तो डाय जांभळा करतात, आणि काही तर पेशींना वाढवायच्या मीडियममध्येच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, मग पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने आणि नाव होतं फळाचं! म्हणून पेशींशिवायचा कंट्रोल (डिशमध्ये पेशी न घालता फक्त अर्क आणि डायची तुलनेसाठीची टेस्ट) कुठाय आणि एमसीएफ-१०ए सारख्या कॅन्सर नसलेल्या पेशींचं काय झालं, हे दोन्ही पेपरात नसेल तर मी पुढे वाचतच नाही. नुसत्या पेशी तर ब्लीचनेपण मरतात.

बरं, डिशमध्ये चाललं ते रक्तात पोचायला तर पाहिजे. डाळिंबातलं प्युनिकॅलॅजिन घ्या, ते जवळजवळ शोषलंच जात नाही, आतड्यातले बॅक्टेरिया त्याचे युरोलिथिन करतात आणि ते सगळ्यांच्या पोटात सारखे होत नाहीत. मग पेशींवर प्युनिकॅलॅजिन ओतून शरीराबद्दल काय कळलं?

झाडांपासून औषध मिळत नाही असं मुळीच नाही हां. पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू झाडाच्या सालीतूनच आलं, साल गोळा केली १९६२ मध्ये आणि अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरसाठी परवानगी मिळाली १९९४ ला. मधली सगळी वर्षं नेमका रेणू वेगळा काढण्यात, डोस ठरवण्यात आणि माणसांवरच्या ट्रायलमध्ये गेली, सालीचा काढा कुणी पाजला नाही.

आणि "फळच तर आहे, काय होणार" म्हणणाऱ्यांसाठी: ग्रेपफ्रूट मुख्यतः आतड्यातलं, औषधं मोडणारं सीवायपी३ए४ एन्झाइम अडवतं, त्यामुळे पाल्बोसिक्लिबसारख्या ब्रेस्ट कॅन्सरच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, त्या गोळीच्या माहितीपत्रकातच ग्रेपफ्रूट टाळा असं छापलेलं असतं. ट्रीटमेंट चालू असताना कुणी अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या तर आधी ऑन्कोलॉजिस्टला लेबल दाखवा.