ज्यात पाणी राहत नाही ते मडकं कशाला?

ज्यात काही ठेवता येत नाही असं मडकं करायचंच कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या सिरॅमिकच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कामाच्या स्टुडिओत येणारं कुणी ना कुणी फळीवरचं चिरा पाडलेलं मडकं उचलतं, उलटसुलट करतं आणि म्हणतं, "ताई, यात ठेवायचं तरी काय?"

बडोद्याच्या माणसाने हे विचारलं की मला नवल वाटतं. नवरात्रात आपल्या शेजारीपाजारी गरबो बसतो. तोही अंगभर भोकं पाडलेला घडाच. त्यात पाणी भरून ठेवता यायचं नाही. आत दिवा लागला की भोकाभोकांतून उजेड झिरपतो, आणि बायका त्याच्याभोवती फेर धरतात. छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासी लोक देवाला मातीचे घोडे वाहतात, त्यांच्यावर स्वार कधीच बसत नाही. आपली संक्रांतीची सुगडंही काही रोजच्या वापराची नव्हेत.

फरक आहे तो एवढाच, की गरब्याचा अर्थ सगळ्या गावाला आधीच माहीत असतो. आजच्या सिरॅमिक कलाकाराला तो एकट्याने शोधावा लागतो, आणि बघणाऱ्यालाही थोडं थांबावं लागतं. उपयोग बाजूला ठेवला की मातीच बोलायला लागते. चाकावर बोटांनी उमटलेल्या रेघा दिसतात, भट्टीचं काम दिसतं. तांब्याचं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, घ्या. भट्टीत हवा खेळती असेल तर ते हिरवं उतरतं, हवा कोंडली तर तेच लाल होऊ शकतं. चित्रकाराला रंग लावतानाच दिसतो, आम्हाला मात्र भट्टी निवेपर्यंत वाट बघावी लागते. आपल्या कामातला मोठा वाटा असा आगीच्या हवाली करणं, हे मला या कलेचं मर्म वाटतं.

शिल्पकार हिंमत शाह बडोद्यातच शिकले. त्यांनी घडवलेली टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची डोकी बघा: नाक-डोळे जेमतेम, तरी माणूस पुरता उभा राहतो.

कपबशी करणारा कारागीर आणि शिल्प करणारा कलाकार, ही वाटणी मात्र मला अजिबात मान्य नाही. सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्‌समध्ये शिल्पकार शंखो चौधुरींकडे शिल्पकला शिकल्या, पुढे तिथेच त्यांनी सिरॅमिक्स शिकवलं. त्यांची मातीची मांजरं गोल, भरलेल्या अंगाची, तपशील अगदी मोजका, वर चकाकी नसलेलं मॅट ग्लेझ. बघताक्षणी पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. २०२० साली त्या गेल्या. पण त्यांनी नुसती मांजरं आणि घुबडंच केली नाहीत, वाडगे आणि थाळ्याही तितक्याच जीव ओतून केल्या.