तुटक रेषा

किल्ला म्हटलं की आपल्याला बुरूज लागतात. आयर्लंडच्या केरी किनाऱ्यावर मी समुद्रात घुसलेल्या ज्या टोकावरच्या जुन्या किल्ल्याचं मोजमाप करत होते, तिथे नुसते मातीचे बांध आणि मधले खंदक, तेही गवताखाली. बाकी बाजूंना तुटलेला कडा, म्हणून बांध फक्त जमिनीच्या अंगाला. लोक येतात, "एवढंच?" म्हणतात आणि सेल्फी काढून जातात. जवळच्या डनबेगच्या किल्ल्याला निदान आत दगडी तट आहे. १९७७ च्या उत्खननात त्या तटाखालच्या खंदकाची कार्बन तारीख इ.स.पू. ५८० च्या आसपास निघाली होती. २०१४ च्या जानेवारीतल्या वादळात त्याच तटाचा काही भाग समुद्रात गेला.

आमच्याकडे बाहेरचा बांध जिथे कड्याला भिडतो, तिथे तो सुरीने कापल्यासारखा उभा चिरला होता. न खणताच आतले थर दिसत होते, फुकटचा छेद! खंदक खणताना काळी माती आधी निघते, ती तळाशी पडते. खालची पिवळी चिकणमाती तिच्यावर. बांधात जमीन अशी उलटी रचलेली असते. पण इथे पिवळ्याच्या मधोमध पुन्हा दोन बोटं जाडीचा काळा पट्टा होता. ते जुनं गवत असेल, तर बांध घालून बरीच वर्षं तसाच पडला होता आणि मग कुणीतरी तो पुन्हा चढवला. नसेल, तर कुणीतरी ओतलेली काळ्या मातीची एक पाटी, बस.

पट्टा बांधाच्या पूर्ण रुंदीत जातो का, एवढंच बघायचं होतं. डावीकडून खुरपीने मी तो १.४० मीटर मोकळा केला. उजवी बाजू कड्यावर लोंबत होती. तिथे दोर आणि दुसरा माणूस हवा. ऑफिसने पाठवलं होतं मला एकटीला. दोन माणसांचं बजेट "पुढच्या टप्प्यात". साडेतीनला पाऊस आला. मी म्हटलं, उद्या.

रात्री वारा सुटला. सकाळी उजवी बाजू नव्हती. माझी मोजमापाची दोरी डाव्या खिळ्याला लटकून हवेत हलत होती, टोकाला पिवळी चिठ्ठी तशीच.

छेदाच्या रेखाटनात मी पट्ट्याची पुढची रेषा तुटक काढली. साहेब म्हणाले, "सरळ ओढ ना, जातोच आहे तो." नाही ओढली. अहवाल गेला. आदल्या दिवशीचे फोटो मात्र अजून मोठे करकरून बघते. पावसाने भिजलेल्या मातीत पिवळं काय नि काळं काय, सगळं एकाच रंगाचं.