सोनपाखरांचा झगा

लहानपणी बाभळीवरची सोनपाखरं धरून आम्ही काडेपेटीत ठेवायचो. आत थोडा पाला घालायचा आणि घटकेघटकेला पेटी किलकिली करून बघायचं. तो हिरवा झळाळ मला पुन्हा दिसला तो थेट इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, एका नटीच्या झग्यावर.

त्या नटीचं, एलेन टेरीचं घर बघायचं, हे सांगलीहून निघतानाच ठरलं होतं. वीस वर्षं हौशी नाटकांची वेशभूषा सांभाळते आहे. तिच्या लेडी मॅकबेथच्या वेशाचं चित्र माझ्या वहीत कधीचं चिकटवलेलं आहे. लंडनहून आगगाडीनं हेडकॉर्न, तिथून बसनं टेंटरडन, आणि पुढचे दोन मैल भाचीबरोबर पायी. वाटेत द्राक्षांचे मळे, मेंढ्या, सपाट हिरवी कुरणं. तिचं गाव स्मॉलहाइथ एके काळी बंदर होतं, इथे जहाजं बांधली जात, हे तिथे उभं राहूनही पटत नाही. नदी गाळानं भरली आणि बंदर संपलं. घर सोळाव्या शतकातलं, लाकडी सांगाड्याचं. ते एलेननं १८९९ साली घेतलं.

जन्म १८४७चा, कॉव्हेंट्रीतला. आईवडील फिरते नट. नऊ वर्षांची असताना लंडनच्या रंगभूमीवर ती राजपुत्र म्हणून आली आणि खेळण्यातल्या गाडीला अडखळून सपशेल उताणी पडली. त्या रात्री प्रेक्षागृहात खुद्द राणी व्हिक्टोरिया होती! त्याच वर्षी शेक्सपिअरच्या नाटकातल्या पक या खोडकर पात्राची भूमिका करताना रंगमंचाच्या चोरदारात तिचं पाऊल अडकलं, बोट मोडलं. नाटक पुरं केलंस तर पगार दुप्पट, असं नाट्यगृहाच्या चालकाची बायको कीनबाई यांनी कबूल केलं, आणि पोरीनं रडत रडत शेवटचं भाषण म्हटलं. हे वाचलं होतं तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं. त्या वयाची मुलं आमच्या बालनाट्यातही असतात.

सोळाव्या वर्षी वॉट्स या चित्रकाराशी लग्न, तो तिशीनं मोठा. वर्षाच्या आत ताटातूट. पुढे गॉडविन या वास्तुरचनाकाराबरोबर लग्नाशिवाय संसार, दोन मुलं, सहा वर्षं रंगभूमीपासून दूर. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हे किती महाग पडलं असेल! तरी १८७४ साली ती परतली, आणि १८७८पासून लंडनच्या लायसियम नाट्यगृहात हेन्री अर्व्हिंग या नटासमोर शेक्सपिअरची ओफेलिया, पोर्शिया, बिआट्रिस अशी वीसेक वर्षं उभी राहिली. १९१६मध्ये मूकपटातही दिसली.

पण मी गेले होते ती लेडी मॅकबेथच्या झग्यासाठी.

खोलीत उजेड मंद ठेवलेला. हिरव्या रेशमात निळी चमकती जर मिसळून केलेलं क्रोशाचं काम, चिलखतासारखं आणि सापाच्या कातडीसारखंही. लांब, लोंबत्या बाह्या. आणि वर सोनपाखरांच्याच जातकुळीतल्या भुंग्यांचे हजारभर कवचपंख, एकेक टाचलेले. आपल्याकडे मलमलीवर या पंखांचं भरतकाम पूर्वापार चालत आलेलं, इंग्रज बायकांनाही त्याचं वेड लागलं होतं. कल्पना अ‍ॅलिस कॉमिन्स कार यांची, शिवण एडा नेटलशिप यांची, साल १८८८. लायसियममध्ये तेव्हा गॅसचे दिवे असत. त्या थरथरत्या उजेडात प्रत्येक पंख वेगळ्या क्षणी पेटत असणार. टिकल्यांना ते कधीच साधलं नसतं. सार्जंट या चित्रकारानं याच वेशात, मुकुट डोक्यावर धरलेली एलेनची मूर्ती रंगवली. ते चित्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात आहे.

वर्षानुवर्षं प्रयोगांत वापरून झगा विरला होता. त्याच्या डागडुजीला १३०० तास आणि १,१०,००० पौंड लागले. मोडलेल्या पंखांना आतून जपानी कागदाचं ठिगळ लावलं, तेही गव्हाच्या खळीनं. मी काचेला नाक लावून जोड शोधत होते. एकही सापडला नाही.

"मावशी, तुमची ती काडेपेटीतली पाखरं मरायची?" भाचीनं हळूच विचारलं.

"काही मरायची," मी म्हटलं.

वरच्या मजल्यावर एलेनची झोपण्याची खोली आहे. उतारवयात नजर गेली, पाठांतर सुटायला लागलं, तरी शेक्सपिअरच्या नायिकांवर व्याख्यानं देत ती अमेरिका, ऑस्ट्रेलिया फिरली. १९२५मध्ये तिला डेम हा सरदारकीच्या तोडीचा किताब मिळाला. २१ जुलै १९२८ रोजी ती याच घरात गेली. अस्थी लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चमध्ये ठेवल्या आहेत.

हे सगळं टिकलं ते तिच्या लेकीमुळे. एडिथ क्रेगनं आईच्या माघारी घराचं संग्रहालय केलं आणि शेजारच्या गवताच्या छपराच्या कोठारात १९२९पासून दर वर्षी पुण्यतिथीच्या सुमाराला नाटक करायला सुरुवात केली. 'गांधी' चित्रपटात लॉर्ड आयर्विन झालेले जॉन गिलगुड हे एलेनच्या बहिणीचे नातू. तेही इथे येऊन गेले. कोठारात बाकं आहेत, छोटा रंगमंच आहे, आणि लाकडाचा वास आहे. नाटक चालू नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसले, मग उठून रंगमंचावर गेले आणि तिथून मागची रांग किती स्पष्ट दिसते ते बघितलं.