गाळलेले पत्र
आज दुपारी पंचवटीत मावशीकडे एका वाहिनीवर जुनी मालिका पाहत होतो. आजोबा पाकीट फोडतात, चष्मा पुसतात आणि पत्र वाचणार, तोच तेलाची जाहिरात लागली. ती संपली तेव्हा सगळे घर त्या पत्रातल्या बातमीवर रडत होते. वाचनाचा प्रसंग मावशीला चांगला आठवत होता, म्हणून तो गाळला गेल्याचे कळले.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ प्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, त्यात २ मिनिटे तिच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. जाहिराती कमी असतानाच्या काळातले लांब भाग या वेळेत बसत नाहीत. अमेरिकेतही १९६० च्या दशकात तासाच्या मालिकेचा भाग सुमारे ५० मिनिटांचा असे, पुढे तो ४२ ते ४४ मिनिटांवर आला. त्यामुळे तिथे जुने भाग कापतात, क्वचित किंचित वेगानेही दाखवतात.

कात्री बहुधा कथानकाला धक्का लावत नाही. ती थांबण्यावर, नुसत्या पाहण्यावर चालते, आणि नटाचे खरे काम तर (निदान माझ्या मते) तिथेच असते. वाहिन्यांनी अशा वेळी ‘संक्षिप्त भाग’ एवढी पाटी तरी दाखवावी आणि मूळ भाग जसेच्या तसे जपावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.