टाकीतला पावसाळा: गप्पी, फेस आणि तिसऱ्यांची कवचं

२६ मे
नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी मापं. ठाण्यात नौपाड्याला तळमजल्यावर घर, मागे चिंचोळं अंगण, त्यात सिमेंटची टाकी. ५ फूट लांब, ३ फूट रुंद, पाणी दीड फूट, म्हणजे ६३० लिटरच्या आसपास. गप्पी मासे चाळीसेक, दोन कुंड्यांत कुमुद, तळाशी हायड्रिला ही पाणवनस्पती.

दुपारी तीनला पाणी ३३ अंश. वर हिरवी जाळी ताणली तेव्हा कुठे ३०वर आलं. गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ला जेमतेम सात. त्यात रात्रभर हायड्रिलाही तोच ओढत असते. म्हणून मासे वर येऊन हपापतात ते पहाटे, दुपारी नाही. दिवसा पंप चालवून रात्री वीज वाचवणाऱ्यांनो, उलट करा.

९ जून
पहिला पाऊस आणि माझाच गाढवपणा. गच्चीचा पाइप अंगणात सुटतो तिथून टाकी दोन हातांवर. फुकटचं पाणी म्हणून हिवाळ्यात मीच त्याला एल्बो लावून तोंड टाकीकडे वळवलं होतं. आठ महिने कबुतरांनी वर जे काही साठवलं, ते सगळं अर्ध्या तासात खाली उतरलं. सकाळी पाणी बिनदुधाच्या चहासारखं, सहा गप्पी उताणे, बाकीचे काठाशी आ वासून. अमोनिया तपासायच्या कुपीतला पिवळा रंग गर्द हिरवा झाला, म्हणजे अमोनिया भरपूर. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा (घसरला की आम्ल जास्त), ७.८ होता तो ६.८.

हात आपसूक खाण्याच्या सोड्याच्या डब्याकडे गेला. थांबले ते बरं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक कल्ले जाळणारा, दुसरा बराच सौम्य. पीएच एकने चढला की जाळणारा भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे उरलेले मासे त्या घसरलेल्या पीएचनेच तगवले होते, आणि मी निघाले होते तो वर चढवायला! आधी अर्धं पाणी उपसलं, ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी हळूहळू भरलं, संध्याकाळी परत थोडं बदललं. खाणं चार दिवस बंद.

कुपीतला रंग पुन्हा पिवळा झाल्यावरच पीएचकडे बघितलं. रविवारी तिसऱ्या केल्या होत्या. त्यांची कवचं घासून, उकळून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरली आणि टाकीत लटकवली. पाणी आम्लाकडे झुकलं की कवच आपणहून, बेताने विरघळतं. सोड्यासारखी माप चुकायची भानगड नाही. एल्बो काढून भंगारात दिला.

१५ जून
मोतीने अंगणातला भेक तोंडात धरला. लगेच टाकला, पण तोंडाला फेस. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतून पांढरं विष सुटतं. आईने मोतीची मान खाली धरली, मी ओल्या फडक्याने हिरड्या-जीभ पुसून बाजूने पाणी सोडत राहिले, घशात जाणार नाही अशा बेताने. डॉक्टरांना फोन केलाच. ते म्हणाले, थरथर किंवा झटके दिसले तर उचलून थेट दवाखान्यात. तशी वेळ आली नाही. आता रात्री मोती पट्ट्याशिवाय बाहेर नाही.

२२ जून
टाकीवर झुकलेल्या जास्वंदीच्या फांदीला मुठीएवढा फेस. आई म्हणाली, वरच्यांनी साबणाचं पाणी फेकलं. बोट लावून बघितलं तर वरून पापुद्रा, आत लिबलिबीत. झाडबेडकाचं घरटं! मादी स्राव सोडते आणि ताक घुसळावं तसा मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्यात. काही दिवसांनी पिल्लं फेसातून सुटून टपाटप खालच्या पाण्यात पडतात. आणि खाली कोण? चौतीस उपाशी गप्पी.

शेजारचे काका म्हणाले, "मासे मासुंदा तलावात सोडून दे गं, पुण्य लागेल." काका, गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. माझ्या टाकीत जे करतील तेच तलावातही करतील. बरं, टाकी मोकळी ठेवली तर आठ-दहा दिवसांत डासांची फौज तयार. पालिकेची माणसं टॉर्च घेऊन कुंड्यांच्या बशा तपासत फिरतात ती काय हौस म्हणून? शेवटी टाकीवर आडव्या दोन फळ्या टाकल्या आणि बरोब्बर फांदीखाली धुण्याचा जुना टब ठेवला. त्यात टाकीतलंच पाणी आणि मूठभर हायड्रिला.

२६ जून
रात्री सर आली. सकाळी टबात पन्नासेक. नीट मोजू देत नाहीत. प्रत्येकाच्या नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका, मोहरीहून बारीक. वर मच्छरदाणी बांधली.

४ जुलै
उकडलेला पालक चिमूटभर. उरलेला संध्याकाळी काढायचा. काल विसरले, आज सात कमी.

१९ जुलै
आणखी कमी होताहेत आणि मेलेलं एकही सापडत नाही. टॉर्च घेऊन बसले. हायड्रिलात मातकट रंगाची, चिंचेच्या बोटकाएवढी अळी. पिल्लू जवळून गेलं तसा तिचा खालचा ओठ हातासारखा पुढे आला आणि मागे गेला, पिल्लासकट. चतुराची अळी. अंडी किंवा अळी हायड्रिलाबरोबर मीच आणली असणार. मारवली नाही. गप्पींच्या टाकीत टाकली. तिथे तसेही पुन्हा चाळीस झालेत.

१२ ऑगस्ट
मागचे पाय सगळ्यांना, पुढचे अकरांना. पुढचे पाय फुटले की तोंडाची ठेवण बदलत असते, तेवढे दिवस खात नाहीत, शेपटीवर निभावतात. श्वासही आता हवेतला, तेव्हा चढायला काही नसेल तर बुडून मरतात. खराट्याच्या चार काड्या तिरक्या लावल्या आणि त्यांच्यापुरती मच्छरदाणी दुमडली.

रात्री साडेदहाला पहिला वर आला. चिंचोक्याएवढा, शेपूट अजून अर्धी. पाऊण तास काडीवर बसला, मग मागे फिरून पाण्यात.