ओळखपत्राचा फोटो आणि माझ्या मुलीचे केस

माझ्या मुलीने रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करणारे रसायन, कायमचे सोडून जन्मतः आहेत तसेच केस ठेवायचे ठरवले, त्याला आता दोन वर्षे होत आली. मी मूळची साताऱ्याची, माझे यजमान नेवार्कचे आफ्रिकन-अमेरिकन, आणि आम्ही न्यू जर्सीतच राहतो. मुलीचे केस वडिलांच्या वळणावर गेले आहेत. ते दाट आणि बारीक, घट्ट वेटोळ्यांचे आहेत; ओले असताना खांद्याला टेकतात आणि वाळले की आखडून कानाशी येतात. तिच्या नवव्या वर्षी पहिले रिलॅक्सर मीच लावून आणले, कारण रोज सकाळी तो गुंता सोडवताना ती रडायची आणि मला दुसरा मार्ग माहीत नव्हता. याची खंत मला आजही आहे.

ते सोडण्याचा निर्णय मात्र सर्वस्वी तिचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी सुमारे ३३,५०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांना सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज त्यात १.६४ टक्के होता, तर वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये तो ४.०५ टक्के होता. रसायनांमुळेच हा रोग होतो, असे सिद्ध झाल्याचा दावा त्यांनी केलेला नव्हता; पण तिने तो आकडा वाचला आणि सलूनमधली पुढची ठरलेली वेळ रद्द करून टाकली.

सासूबाई धास्तावल्या. त्यांच्या लहानपणी दर शनिवारी रात्री शेगडीवर लोखंडी कंगवा तापवून केस सरळ केले जात, म्हणजे रविवारी चर्चमध्ये कोणी नाव ठेवू नये. असे केस घेऊन गेल्यास पोरीला कोणी नोकरी देणार नाही, ही त्यांची भीती अनुभवातून आलेली होती. माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘‘अगं, त्या झिंज्या आवर तिच्या.’’ तिने ते मायेनेच म्हटले, पण त्या दिवशी मला जाणवले की अशा केसांसाठी मलाही झिंज्या आणि जटा हेच शब्द सुचत होते.

पुढचे चौदा महिने कसे गेले ते आता नीट आठवतही नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. रिलॅक्सरने एकदा सरळ झालेला भाग पुन्हा कुरळा होत नाही, आणि जुना व नवा केस जिथे जुळतो तिथेच तो तुटतो. तेवढी जागा जपली, शेवटी सरळ भाग कापून टाकला आणि तो प्रश्न मिटला.

अडलो ते कार्यालयात. गेल्या जूनमध्ये तिला एका रुग्णालयात उन्हाळ्याची नोकरी मिळाली. ३ जूनला ओळखपत्राचा फोटो काढायला आम्ही गेलो, तेव्हा टेबलावरच्या बाई म्हणाल्या की केस चौकटीत मावत नाहीत, बांधून या. मुलीने तिथल्या तिथे रुंद पट्टी लावली. तरी त्यांचे समाधान होईना. केस ‘नीट बसवून’ आणा, असे त्यांनी सांगितले. ओळखपत्र नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून पगार नाही. आठवड्याने पुन्हा गेलो, तर त्या बाई रजेवर होत्या. तिसऱ्या खेपेला दोन तास बसवून वेशभूषेच्या नियमांचा कागद हातात दिला. त्यात केस नीटनेटके असावेत आणि त्यांचा रंग नैसर्गिक असावा, एवढेच होते. माझी मुलगी तो कागद मांडीवर ठेवून ती एकच ओळ कितीतरी वेळ वाचत राहिली, आणि घरी येताना गाडीत तिने विचारले, ‘‘आई, एकदाच सरळ करून येऊ का?’’ त्या प्रश्नाने माझ्या पोटात कालवले आणि त्याच रात्री मी पत्र लिहायला बसले.

तोंडी वाद घालू नये, हे मी त्या तीन खेपांतून शिकले. डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कृष्णवर्णीय शाळकरी कुस्तीगिराला, कुस्ती सोडा नाहीतर जटा कापा, असे पंचाने सांगितले आणि त्याच्या जटा तिथेच कापल्या गेल्या. पुढच्या डिसेंबरात राज्याने क्राउन कायदा केला. त्या कायद्याने केसांचा पोत, वेण्या, जटा, पीळ या कारणांवरून होणारा भेदभाव हा वंशभेदच समजला जातो. मी पत्रात त्या कायद्याचा उल्लेख केला, तिन्ही खेपांच्या तारखा व वेळा दिल्या आणि कोणत्या नियमाने फोटो नाकारला ते लेखी कळवावे, एवढीच विनंती केली. (असा कायदा देशपातळीवर नाही, २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेले विधेयक सिनेटमध्ये अडले. त्यामुळे आपल्या राज्यात काय आहे ते आधी पाहावे.) लेखी उत्तर आले नाही, फोन आला. २६ जूनला गेलो तेव्हा दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने स्टूल भिंतीकडे हातभर मागे सरकवले. सगळे केस चौकटीत आले. मोजून अर्धे मिनिट लागले.

केसांबद्दल सांगायचे राहिले. गुंता कोरड्या केसांत कधीही सोडवू नये. केस ओले करून, भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे जावे. मी वर्षानुवर्षे नेमके उलटे करत होते. रात्री सॅटिनची टोपी घालावी, कारण सुती उशी ओलावा शोषून घेते. न्हाण्याआधी खोबरेल तेल लावायची आईची सवय मात्र इथेही उपयोगी पडली.

ओळखपत्रावर ती हसते आहे आणि केस डोक्याभोवती पूर्ण पसरलेले आहेत. सासूबाईंनी त्या फोटोची प्रत मागून घेतली. बुडालेल्या तेवीस दिवसांच्या पगाराबद्दल रुग्णालयाने अजून काही कळवलेले नाही. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करण्याची मुदत १८० दिवसांची असते. ३ जूनपासून मोजल्यास ती ३० नोव्हेंबरला संपते, आणि अर्ज भरून तयार आहे.