दोन पेपरांमधले रिकामे चौकोन

दरवर्षी जुलै संपत आला की आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या घरी जेवणाच्या टेबलावर चौकटी आखलेला एक मोठा कागद पसरला जातो, आणि पुढचे दोन-तीन दिवस घरची मंडळी ताटे हातात घेऊन दिवाणखान्यात जेवतात. अकरावी-बारावीची परीक्षा प्रभारी म्हणून वर्षभराच्या परीक्षांचे वेळापत्रक आखण्याचे काम गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. शाळेच्या संगणकावर त्यासाठी सोय आहे; पण पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसल्याशिवाय मला ते सुचत नाही.

वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे आखावे लागते. सीबीएसईची बारावीची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होते, त्याआधी जानेवारीपासून प्रात्यक्षिके चालतात आणि त्यांसाठी बाहेरचे परीक्षक येतात, शिवाय जानेवारीच्या उत्तरार्धात जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचे पहिले सत्र असते. त्यामुळे पहिली प्री-बोर्ड, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा, डिसेंबरात आणि दुसरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घेण्यावाचून गत्यंतर नसते. महाराष्ट्रातील माझी बहीण जिला सहामाही म्हणते आणि इंदुरात आम्ही सगळे छमाही म्हणतो, ती परीक्षा सप्टेंबरात येते. तेव्हा अनंत चतुर्दशी कोणत्या तारखेला आहे हे मी सर्वांत आधी पाहते. त्या रात्री कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, पाहायला अर्धे शहर रस्त्यावर उतरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रसायनशास्त्राचा पेपर ठेवणे म्हणजे जागरणाची परीक्षा घेणे होय. मी स्वतः लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पहाटेपर्यंत त्या झांक्या पाहिल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत मी निःपक्षपाती नाही.

खरी गुंतागुंत विषयांच्या जोड्यांत असते. भौतिकशास्त्र, लेखाशास्त्र आणि इतिहास हे तीन पेपर एकाच दिवशी ठेवता येतात, कारण आमच्याकडे यांतील दोन विषय एकत्र घेतलेला एकही विद्यार्थी नाही. अर्थशास्त्र मात्र वाणिज्य आणि कला अशा दोन्ही शाखांत आहे, आणि शारीरिक शिक्षण तर तिन्ही शाखांतील मुले घेतात. पूर्वी गणित आणि जीवशास्त्र बिनदिक्कत एका दिवशी ठेवले जात असत. यंदा एका मुलीने दोन्ही विषय घेतले आहेत, म्हणून वेळापत्रक एका दिवसाने लांबले. शिक्षकांच्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी विचारले, ‘मॅडम, एका मुलीसाठी सगळ्यांचा एक दिवस घालवायचा?’ मी म्हटले, ‘सर, तिला दोन वर्गांत एकाच वेळी बसवता येत असेल तर तसे करू.’

तथापि माझा सर्वाधिक आग्रह पेपरांमधल्या सुट्ट्यांसाठी असतो, आणि त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी परीक्षा आठ दिवसांत आटोपण्याच्या नादात मी सोमवारी भौतिकशास्त्र आणि मंगळवारी रसायनशास्त्र ठेवले. रसायनशास्त्राचे गुण एवढे घसरले की पालकसभेत आम्ही मुलांच्या आळसावर लांबलचक प्रवचने दिली. पुढे उत्तरपत्रिका पुन्हा चाळताना लक्षात आले की बहुतेकांची पहिली दहा-बारा पाने नेहमीसारखी नेटकी होती आणि शेवटचे, प्रत्येकी पाच गुणांचे प्रश्न कोरे होते. मुलांना उत्तरे येत होती. हात आणि डोके थकले होते. ती चूक माझी होती आणि बोलणी मुलांनी खाल्ली. आता तर २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या पेपरांत निम्मे गुण क्षमताधारित, म्हणजे पाठांतरापेक्षा समज तपासणाऱ्या प्रश्नांना आहेत. त्यांतील परिच्छेद, आलेख आणि प्रसंग नीट वाचून समजण्यातच बराच वेळ जातो. त्यातच रविवारी भंवरकुआँ भागातल्या कोचिंग क्लासच्या चाचण्या असतात, म्हणजे आम्ही ज्या दिवसाला सुट्टी म्हणतो ती पुष्कळ मुलांना मिळतच नाही. म्हणून सोमवारी जड विषय ठेवायचा नाही, हा माझा अलिखित नियम आहे.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशीचे काम त्या मानाने सोपे. बोर्डाप्रमाणेच १०:१५ ला प्रश्नपत्रिका हातात, पंधरा मिनिटे केवळ वाचन आणि १०:३० ते १:३० लेखन असा क्रम आम्ही प्री-बोर्डलाही पाळतो. एका बाकावर एक अकरावीचा आणि एक बारावीचा विद्यार्थी बसतो. लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला तासामागे वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास अधिक मिळतो. त्याची खोली वेगळी असते आणि तिथला पर्यवेक्षक शेवटपर्यंत थांबणार आहे ना, हे मी आदल्या दिवशीच विचारून ठेवते, कारण दीड वाजता सगळ्यांनाच घरची ओढ लागते. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा सुचली: खालच्या वर्गांची तासिका बदलली की घंटा वाजते आणि पेपर लिहिणारी सगळी डोकी एकदम वर होतात. आता परीक्षेच्या दिवसांत शिपाईकाका घंटा न वाजवता वर्गावर्गांत जाऊन तास संपल्याचे सांगतात. जिने चढून त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा त्यांच्या चहाची सोय मी माझ्याकडे घेतली आहे.

यंदाच्या कागदावर डिसेंबरच्या भागात गणित आणि जीवशास्त्र यांच्यामध्ये दोन रिकामे चौकोन आहेत. शिकवण्याचे दिवस कमी पडतात म्हणून प्राचार्यांनी त्यांतील एक मागितला आहे, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. सोमवारी बैठक आहे. तोवर दोन्ही चौकोन मी पेन्सिलीने हलकेच रेखून ठेवले आहेत.